आत जाण्याआधी

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय जवाहरनगरात राहून वाचणं सोपं नाही. वैऱ्यावरही प्रेम करायला सांगणारा हा अध्याय. तो रात्री घरच्यांसमोर मोठ्यानं वाचणारा माणूस सकाळच्या पाळीला सायकल काढतो आणि स्फोटकं तयार करायला जातो. माझे बाबा असे वाचत आणि असे जात. आयुष्यभर त्यांनी दोन्ही केलं. ख्रिस्ती श्रद्धा रोजच्या जगण्यात उतरवायची म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या घरात त्यामुळे कधी पुस्तकी राहिला नाही.

नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना, शहर लागायच्या आधी महामार्गालगत जवाहरनगरची ही वसाहत लागते. 1964 साली इथे आयुध निर्माणी सुरू झाली. चीनबरोबरच्या युद्धाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि देशाला दारूगोळ्याची निकड कळून चुकली होती. भोवती धानाचे बांध आणि तळी, कुंपणाच्या आत क्वार्टरांच्या रांगा. आजूबाजूच्या गावांतली माणसं कामाला लागली, तशी दूरदूरचीही आली. छत्तीसगढी, बंगाली, तेलुगू, मल्याळी, सगळी एका रांगेत राहायला लागली. ख्रिस्ती घरं थोडी. आठवड्यातल्या एका संध्याकाळी कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये प्रार्थनासभा असे. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरायची, खाट भिंतीला उभी करायची. आधी 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातलं एखादं मराठी गीत, मग मल्याळी घरातल्या ताई त्यांच्या भाषेतलं म्हणत, मग हिंदी. पाळक साहेब भंडाऱ्याहून आले तर ते शास्त्रपाठावर बोलत. नाही आले तर बाबा नुसता अध्याय वाचत आणि सगळे थोडा वेळ गप्प बसत. त्या गप्प बसण्यातही बरंच काही होत असे, असं आता वाटतं.

मत्तयाचे पाचवा, सहावा आणि सातवा हे अध्याय म्हणजे डोंगरावरचं प्रवचन. या प्रवचनाचं आणि आमच्या जिल्ह्याचं एक जुनं नातं आहे. ते इथल्या ख्रिस्ती मुलांनाही कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगते. 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. कोकणातल्या करजगावचा जन्म, चित्पावन घर, कवी, संस्कृतचा व्यासंग. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानं ग्रंथांचं काम केल्यानंतर ते राजनांदगाव संस्थानात नोकरीला चालले होते. गाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. दोघांच्या काव्याच्या गप्पा झाल्या. उतरण्याआधी त्यानं टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून तो गेला. तो गृहस्थ कोण, हे टिळकांना पुढे कधीच कळलं नाही. नागपूरहून राजनांदगावला जाणारी ती लोहमार्गाची वाट भंडारा जिल्ह्यातूनच जाते. आज वरठीला जे 'भंडारा रोड' स्टेशन आहे, तिथून पुढे तुमसर, गोंदिया, डोंगरगड. मराठी ख्रिस्ती साहित्याला वळण देणारी ती भेट आमच्या धानाच्या शेतांना लागून जाणाऱ्या रुळांवर घडली.

टिळकांनी ते पुस्तक उघडलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते खाली ठेववेना. तत्त्वज्ञानाचे मोठमोठे ग्रंथ पचवलेल्या या माणसाला धरून ठेवलं कशानं? त्या तीन अध्यायांत देवाच्या स्वरूपाची चर्चा फारशी नाही. त्यांत आहे ती माणसाची वागणूक. रागाचं काय करायचं, शब्द कसा पाळायचा, दान देताना कुणाला कळू द्यायचं नाही, उद्याची काळजी किती करायची, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघताना आधी काय पाहायचं. सगळं घरातलं, अंगणातलं, बाजारातलं. ज्या माणसानं श्रद्धेचा शोध विचारांत घेतला होता, त्याला ती वागण्यात सापडली. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, 10 फेब्रुवारी 1895 रोजी, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

इथवरची गोष्ट निदान ऐकून तरी बऱ्याच जणांना ठाऊक असते. मला मात्र तिच्यापेक्षा पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते, आणि ती टिळकांची नाही, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आहे. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळलं. मुलाला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. पुढे नगरला टिळकांकडे आल्या, तरी मन वळलं नव्हतं. आपली चूल वेगळी, आपलं पाणी वेगळं. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. अखेर लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, त्यावर प्रार्थना केली आणि उत्तर मिळाल्यावर ज्याच्या हातचं पाणी कालपर्यंत चालत नव्हतं त्याच्या हातचं पाणी प्यायल्या. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवतं ते असं की, खरी दीक्षा त्या पाण्याच्या भांड्यापाशीच झाली होती.

टिळकांचा बदल आगगाडीच्या वेगानं आला असं दिसतं. लक्ष्मीबाईंचा बदल घरात, स्वयंपाक करता करता, भांडता भांडता, वर्षानुवर्षं होत राहिला. टिळक हातातलं सगळं वाटून टाकत, कुणालाही घरी राहायला घेऊन येत. बालकवी ठोंबरेही नगरला त्यांच्या घरी राहिले. दानशूर म्हणून टिळकांचं नाव झालं, पण डब्यात पीठ किती उरलंय हे लक्ष्मीबाईंना पाहावं लागे. नवऱ्याचा तापट स्वभाव, घरातली तंगी, स्वतःचा राग, यांतलं काहीही त्यांनी लपवलं नाही. तक्रारीचा सूर लावला नाही की साधुत्वाचा आवही आणला नाही. त्या बाईनं प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची शुश्रूषा केली, टाकून दिलेली मुलं आपली मानली, आणि पतीच्या निधनानंतर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुरं करायला घेतलं. शाळेची पायरी न चढलेली ही स्त्री 1933 साली नागपूरला भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाची अध्यक्ष झाली. व्यक्तिमत्त्वाचा विकास हा शब्द हल्ली शिबिरांच्या फलकांवर दिसतो. तो प्रत्यक्षात कसा होतो हे पाहायचं असेल तर लक्ष्मीबाईंकडे पाहावं. त्या स्वतःला घडवायला बसल्याच नव्हत्या. समोर आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं आणि त्यातून त्या घडत गेल्या.

आता निर्माणीच्या आतली एक गोष्ट. बाबा कामाबद्दल घरी बोलत नसत, बोलायची मुभाही नव्हती. पण जिथे जिथे स्फोटकं तयार होतात तिथे सगळीकडे पाळले जाणारे साधे नियम त्यांनी आम्हाला सांगितले होते, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा गंभीर होत असे. आगपेटी, लायटर, विडी फाटकावर काढून ठेवायची. खिळे ठोकलेली चप्पल चालत नाही. कपडे सुती. हत्यारं पितळेची किंवा तशाच धातूची, कारण लोखंडावर लोखंड घासलं तर ठिणगी उडते. एका इमारतीत एका वेळी किती माणसं आणि किती माल, याचा आकडा दारावर लिहिलेला. इमारतींभोवती मातीचे उंच बांध, म्हणजे एकीचं संकट दुसरीपर्यंत जाऊ नये. आणि दारापाशी धातूची एक पट्टी. आत पाऊल टाकण्याआधी तिला हात लावायचा. चालता चालता, कपडे घासून, अंगात थोडी वीज साठते. ती साठल्याचं आपल्याला कळतही नाही. हात लावला की ती जमिनीत जाते. मग आत जायचं.

डोंगरावरच्या प्रवचनात एक जागा आहे. तू वेदीजवळ आपलं अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग येऊन अर्पण कर, अशा अर्थाचं येशू तिथे बोलतो. बाबा ही जागा वाचताना नेहमी थांबत आणि म्हणत, "हा दारावरच्या पट्टीचा नियम आहे." आम्हा मुलांना ते लगेच समजे. अंगात साठलेलं घेऊन आत जायचं नाही. ते साठलं आहे हे तुम्हाला ठाऊक नसलं तरी नियम चुकत नाही. पट्टीला हात रोज लावायचा, प्रत्येक पाळीला लावायचा. काल लावला होता म्हणून आज सुटका नाही.

या वचनातली एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. तुझ्या मनात त्याच्याविषयी काही असेल तर जा, असं ते म्हणत नाही. त्याच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर जा, असं म्हणतं. म्हणजे चूक कुणाची याचा हिशेब लागायच्या आधीच उठायचं आहे. हे मला फार अवघड वाटतं. माझ्यापेक्षा आईला ते जास्त अवघड गेलं असावं, कारण आई मानी होती.

आमच्या क्वार्टरच्या मागे शेवग्याचं झाड होतं. त्याची एक फांदी शेजारच्या काकूंच्या अंगणावर गेलेली. काकू साकोलीकडच्या, झाडीपट्टीतल्या, बोलायला मोकळ्या आणि रागालाही मोकळ्या. एका दुपारी आई भाजी आणायला गेली असताना ती फांदी तुटलेली निघाली, फुलोऱ्यासकट. त्यावरून दोन्ही अंगणांत जे बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही. त्यानंतर नळावर दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहायच्या. मग प्रभुभोजनाचा रविवार आला. शनिवारी संध्याकाळी आईनं पदर नीट केला, वाटीत शेंगांची आमटी घेतली आणि फाटकातून बाहेर पडली. मी मागोमाग गेले. काकू दारात आल्या. दोघी काही क्षण उभ्याच. मग काकू म्हणाल्या, "उभ्या कायले हाव जी? बसा नं."

आई बसली. चहा झाला. काकूंनी स्वतःच विषय काढला. "फांदी मीनंच तोडली, खोटं कायले बोलू? पर पाला तं तुमचाच पडत जाय माया अंगणात." आई म्हणाली, "पडत होता खरा." एवढंच. क्षमा मागितली असं म्हणता येणार नाही आणि दिली असंही नाही. दोघी त्यानंतर जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या असंही काही घडलं नाही. पण नळावरची पाठ फिरवणं थांबलं. दुसऱ्या दिवशी आईनं भाकर आणि द्राक्षरसाचा पेला घेतला तेव्हा तिचा चेहरा मला वेगळा दिसला, शांत आणि थोडा थकलेला. श्रद्धेनं माणूस बदलतो म्हणजे कसा, असं मला कुणी विचारलं तर मी दुसरं उदाहरण शोधत बसणार नाही. मानी बाई वाटीभर आमटी घेऊन उठली.

आता त्या कठीण प्रश्नाकडे येते. शेजारणीचं ठीक आहे, पण वैरी? सीमेपलीकडचा माणूस? 1999 साली कारगिलचं युद्ध झालं तेव्हा बाबांच्या पाळ्या लांबल्या. ते उशिरा येत, जेवत आणि पडत. घराघरांत टीव्हीवर तोफा दिसत आणि वसाहतीतल्या माणसांना वाटे की यात आपलाही हात आहे. तो अभिमान खरा होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. ज्यांची मुलं त्या डोंगरांवर होती त्यांना खालून दारूगोळा पोचणं ही जिवाची गोष्ट होती. आमच्याही घरी रोज रात्री आपल्या जवानांसाठी प्रार्थना व्हायची. एका रात्री प्रार्थना संपता संपता बाबा म्हणाले, "आणि प्रभू, पलीकडच्या आयांनाही धीर दे." आई चमकून त्यांच्याकडे पाहू लागली. बाबांनी आमेन म्हटलं आणि दिवा मालवला.

प्रार्थनासभेत एका तरुणानं एकदा सरळ विचारलं होतं की, आपण ख्रिस्ती आणि काम हे, मग जमतं कसं? पाळक साहेबांनी लूकाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय उघडून दाखवला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले आणि आम्ही काय करावं असं त्यांनी विचारलं. योहानानं त्यांना शिपाईगिरी सोडायला सांगितलं नाही. कुणाला लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात समाधानी राहा, एवढंच सांगितलं. तरुणाचं समाधान झालं. बाबांचं पूर्ण झालं नाही. ते म्हणाले, "योहानानं सोडा म्हटलं नाही, पण येशूनं प्रेम करा म्हटलंय. दोन्ही वाक्यं एकाच पुस्तकात आहेत. मला दोन्ही वाचायची आहेत." जगभरच्या मंडळ्यांत या प्रश्नावर शतकानुशतकं मतभेद आहेत. काही पंथांनी शस्त्राला हातच लावायचा नाही असं ठरवलं, बहुतेकांनी देशाचं रक्षण हे कर्तव्य मानलं. बाबांनी नोकरी सोडली नाही. त्यांच्या कामामुळे आमचं घर चाललं, आमची शिक्षणं झाली, आणि हे काम देशाला हवं आहे असं ते मानत. पण कठीण वचन आलं की पान उलटायचं, असं त्यांनी कधी केलं नाही. माझं मत विचाराल तर, ज्या श्रद्धेला आपल्या कामाच्या जागी काहीच टोचत नाही, तिच्यावर माझा भरवसा नाही. शाळेत शिकवणाऱ्याला, दुकान चालवणाऱ्याला, तहसील कचेरीत बसणाऱ्याला, प्रत्येकाला त्याच्या कामात टोचणारं एक तरी वचन असतं. ते वचन कुठलं, हे माणसाला स्वतःला ठाऊक असतं.

24 जानेवारी 2025. शुक्रवार होता. सकाळी निर्माणीतल्या एका इमारतीत स्फोट झाला, छत कोसळलं, माणसं खाली अडकली. त्या दिवशी आठ कामगार गेले. आवाज दूरवर ऐकू गेला. ज्यांनी आयुष्यभर दारावरच्या पट्टीला हात लावला त्या वसाहतीला या बातमीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी ती एका दिवसाची बातमी असते, इथे प्रत्येक घरात कुणी ना कुणी फाटकाकडे पाहत उभं होतं.

अशा वेळी धार्मिक माणसाच्या तोंडून फार चुकीचे शब्द जातात. कुणी म्हणतं, देवाची मर्जी. कुणी म्हणतं, भोग होते. कुणी आपला माणूस वाचला म्हणून देवाचे आभार इतक्या मोठ्यानं मानतं की, शेजारच्या घरातल्या बाईला ते ऐकू जातं. लूकाच्या तेराव्या अध्यायात असाच प्रसंग आहे. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ते बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का, असं येशू विचारतो आणि उत्तरही स्वतःच देतो, ठामपणे, नाही. मग ऐकणाऱ्यांकडे वळून, तुम्ही आपलं पाहा, पश्चात्ताप करा, असं बजावतो. छताखाली सापडलेल्यांच्या वाट्याला न्यायनिवाडा नाही, तो जिवंत राहिलेल्यांनी स्वतःचा करायचा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे शब्द जवाहरनगरला त्या आठवड्यात जितके लागू होते तितके क्वचितच कुठे झाले असतील. आणि जुन्या करारातल्या दुःखी ईयोबाचे मित्र? पुढे त्यांनी बोलून बोलून त्याला छळलं खरं, पण आल्यावर सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. त्यांच्या साऱ्या भाषणांपेक्षा ते सात दिवस मोठे होते. आमच्याकडे या भागात मयताच्या घरी शेजारपाजारची माणसं येऊन बसतात, चूल पेटत नाही म्हणून डबा आणतात, बोलत नाहीत. हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे तसेच बसतात. तिथे ख्रिस्ती माणसानं वेगळं काही करायचं नसतं. तिथे लवकर उठून जायचं नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

या प्रदेशाला ख्रिस्ती सेवेची खरी ओळख अशा वाईट दिवसांतही झाली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरत होती. भंडारा तेव्हा त्याच प्रांतात. पंडिता रमाबाई पुण्याहून त्या प्रांतात आल्या, उपासमारीनं खंगलेल्या शेकडो विधवांना आणि मुलींना बरोबर घेऊन गेल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. रमाबाईंना स्वतःला लहानपणी दुष्काळ ठाऊक होता, आईवडील त्यांनी त्यातच गमावले होते. केडगावात त्यांनी मुलींना नुसती प्रार्थना शिकवली नाही. शेती, विणकाम, स्वयंपाक, लिहिणं-वाचणं, छापखान्यात खिळे जुळवणं, सगळं शिकवलं. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्याचं काम त्यांनी हाती घेतलं, ते आयुष्याच्या शेवटापर्यंत पुरं केलं आणि एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या. ते बायबल छापलं गेलं केडगावच्याच छापखान्यात. दुष्काळातून आलेल्या बायकांच्या हातांनी छापलेला शास्त्रग्रंथ हा मला मराठी ख्रिस्ती जीवनातला सगळ्यात सुंदर प्रसंग वाटतो. इकडे नागपूरला आणि भंडाऱ्याला स्कॉटिश मिशनच्या लोकांनी दवाखाने आणि शाळा चालवल्या. त्या शाळा-दवाखान्यांतून शिकलेल्या कितीतरी मराठी ख्रिस्ती बायका परिचारिका झाल्या, शिक्षिका झाल्या. रात्रपाळीला रुग्णाच्या उशाशी जाग्या राहणाऱ्या त्या बायकांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत.

आमच्या मंडळ्यांत हल्ली संगीत मोठं झालं आहे, ध्वनिवर्धक मोठे झाले आहेत, आशीर्वादाची भाषा मोठी झाली आहे. देव तुला नोकरी देईल, गाडी देईल, घर देईल, असं तरुणांना सांगितलं जातं आणि ते टाळ्या वाजवतात. मला याचं वाईट वाटतं. डोंगरावरच्या प्रवचनात गाडीचं आश्वासन कुठेच नाही. तिथे भाऊ आहे, शेजारी आहे, वैरी आहे, उधार मागायला आलेला माणूस आहे, आणि त्यांच्याकडे जायला सांगणारा आवाज आहे. टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, तो काही मिळवण्यासाठी नव्हता. दोनच वर्षांत, 9 मे 1919 रोजी, ते मुंबईत वारले. मागे संपत्ती नव्हती. गीतं होती, आणि लक्ष्मीबाई होत्या.

म्हणून भंडारा, नागपूर, गोंदियाकडच्या मंडळ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या रविवारच्या उपासनेत टिळकांची गीतं आपण गातो, मुलांना ती पाठ येतात. पण ती गीतं ज्या घरात रचली गेली त्या घराची गोष्ट आपण त्यांना सांगत नाही. शब्बाथ शाळेत 'स्मृतिचित्रे' वाचा. 1934 पासून भागाभागानं आलेलं हे पुस्तक आजही मिळतं, वाचनालयांतही असतं. एका रविवारी थोडी पानं वाचली तरी चालेल. मोठ्या मुलांना वाचू द्या, लहानांना ऐकू द्या, आणि लक्ष्मीबाई रागावतात, भांडतात, रडतात ती पानं गाळू नका. वर्षातून एकदा मुलांना वरठीला भंडारा रोड स्टेशनवर न्या आणि ज्या प्रवासात नवा करार हाती आला त्या प्रवासात एक कवी इथून पुढे गेला होता हे त्यांना सांगा. आणि प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, प्रार्थनासभा ठेवू नका. ती संध्याकाळ लोकांना मोकळी द्या, ज्याला जिथे जायचं आहे तिथे त्याला जाऊन येता येईल.